बाळाची खोली: या चुका टाळा, रात्री वाचतील

लेक घरी यायच्या महिनाभर आधीच आमची खोली सजून तयार होती. भिंतीला पिस्ता रंग, त्यावर ढगांचे स्टिकर, लक्ष्मी रोडवरून आणलेला गादी, उशी, लोड, पांघरूण असा भरगच्च सेट. एप्रिलमध्ये ती घरी आली आणि त्या खोलीत सलग पाऊण तास काही झोपेना. बाकी सगळीकडे झोपायची. कुकरच्या शिट्ट्या चालू असताना आत्याच्या मांडीवर झोपायची, डॉक्टरांकडे जाताना रिक्षात झोपायची.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी साडेचारला वैतागून मी पाळण्याशेजारी फरशीवर आडवा झालो, आणि तिला काय दिसतं ते पहिल्यांदा बघितलं. पडद्यांच्या फटीतून उन्हाची एक पट्टी थेट पाळण्यात उतरलेली. डोक्यावर ट्यूबलाइट. पाळणा ज्या भिंतीला टेकवला होता तिला हात लावला, तर तवा! खरेदीची यादी करण्याआधी दुपारी, तिन्हीसांजेला आणि मध्यरात्री असे दहा-दहा मिनिटं तिथे पडून बघा. आमच्या निम्म्या चुका या एवढ्यानेच टळल्या असत्या.

पश्चिमेची भिंत

पुण्यात एप्रिल-मेमध्ये पश्चिमेची भिंत आणि वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती धग रात्री नऊ-दहापर्यंत बाहेर टाकत राहतो. नेमकी तीच बाळाला झोपवायची वेळ. पाळणा आतल्या भिंतीकडे न्या, खिडकीपासून लांब. दुपारी पडदे ओढून घ्या, संध्याकाळी वारं सुटलं की समोरासमोरच्या खिडक्या उघडा. एसी असेल तर 24 ते 26 वर, झोत बाळावर येणार नाही असा. पंख्याने सर्दी होते हा समज सोडून द्या. सर्दी विषाणूंनी होते.

बाळाला गरम होतंय का हे हातापायांवरून ओळखू नका, ते एरवीही गारच लागतात. मानेच्या मागे किंवा छातीवर हात ठेवा. तिथे ओलसर लागलं तर एक कपडा कमी करा. घरात झोपताना टोपडं नको, कारण बाळाच्या अंगातली बरीच उष्णता डोक्यातून बाहेर पडते. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहा-बाराच्या आसपास उतरतो, तेव्हाही मोकळी दुलई न घालता अंगावर कपड्यांचा एक थर वाढवा.

सेटमधलं बहुतेक सगळं

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण बाकीच्या बहुतेक चुकांनी फक्त झोप जाते, ही चूक जिवावर बेतू शकते. बाळाला पाठीवरच झोपवायचं, रात्री आणि दुपारीही. गादी सपाट आणि घट्ट हवी. तळहात दाबून उचलल्यावर खळगा राहिला, तर ती गादी बाद. वर ताणून बसवलेली चादर, बस्स. उशी, लोड, सॉफ्ट टॉय, कडेने लावायच्या गुबगुबीत पट्ट्या, सगळं बाहेर. अमेरिकेत 1994 पासून बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम चालली आणि झोपेत अचानक होणारे बालमृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पाळण्याच्या कडेच्या त्या गुबगुबीत पट्ट्यांवर तर तिथे 2022 च्या कायद्याने बंदी आली. आपल्याकडे त्याच सेटमध्ये फुकट मिळाल्यासारख्या येतात.

मोहरीच्या उशीवरून आमच्याकडे रीतसर बैठक झाली. सासूबाई म्हणाल्या, "अहो, डोकं चपटं झालं तर पुढे आम्हालाच बोलाल!" मी बालरोगतज्ज्ञांना विचारलं. त्यांचं उत्तर असं: जागेपणी, आपण समोर असताना बाळाला रोज थोडा वेळ पोटावर ठेवा आणि झोपवताना डोक्याची बाजू आलटून पालटून बदला. उशी शिवणाऱ्याने प्रेमाने शिवली होती, ती आता बाहुलीला दिली आहे.

आजोळचा सागवानी पाळणा आला असेल तर भावना बाजूला ठेवून टेप घ्या. गजांमधलं अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. मधून शीतपेयाचा कॅन आरपार जात असेल, तर तो पाळणा बारशापुरता. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून रंगाचे पोपडे निघत असतील तर तेवढ्यापुरताही नको. झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडकू शकतो. आपण शेजारी बसलेलो असताना ठीक, रात्रभर अजिबात नाही. पहिले सहा महिने तरी बाळ आई-बाबांच्याच खोलीत असावं, पण वेगळ्या अंथरुणावर. म्हणजे ती ढगांची वेगळी खोली तशीही घाईचीच होती. आणि बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर डुलकी काढणं हा सगळ्यात धोक्याचा प्रकार. मी दोनदा केलंय, कबूल करतो.

दुपट्यात गुंडाळणं चालतं, पण कमरेखाली सैल. पाय सरळ ताणून बांधले तर खुब्याचा सांधा निसटू शकतो. बाळ कुशीवर वळायची लक्षणं दिसली की गुंडाळणं बंद.

धुरी

मालीश करणाऱ्या मावशी आंघोळीनंतर शेगडीवर ओवा, वेखंड टाकायच्या आणि लेक तीन तास गाढ झोपायची. घरात सगळ्यांची खात्री की ही धुरीचीच कृपा. पावसात एकदा निखारे पेटलेच नाहीत. मालीश झाली, ऊन पाणी झालं, धुरी राहिली, आणि ती तशीच तीन तास झोपली. त्यानंतर शेगडी माळ्यावर गेली. बाळाच्या इवल्याशा श्वासनलिकांना कुठलाही धूर त्रासाचाच, अगरबत्ती आणि डासांची कॉइल धरून. ताज्या रंगाचा वासही तसाच. रंगकाम महिनाभर आधी उरका आणि खिडक्या उघड्या ठेवा.

डास

डासांना मच्छरदाणीच बरी, दुपारीसुद्धा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. 2024 च्या पावसाळ्यात एरंडवण्यात झिकाचे रुग्ण सापडले, तोही याच डासाचा प्रताप. कुंड्यांखालच्या ताटल्या आणि कूलरची टाकी आठवड्याला रिकामी करून कोरडी करा. जाळी चहूबाजूंनी नीट खोचलेली हवी, बाळाच्या तोंडावर लोंबणारी नको.

शांततेचा अतिरेक, आणि मग ढोल

पहिले दोन महिने आम्ही घरात चोरासारखे चालायचो. परिणाम असा की चमचा पडला तरी ती दचकायची. दिवसा घर नेहमीसारखं चालू द्या, खोलीत उजेड असू द्या. जन्मतः बाळाला दिवस-रात्र कळत नाही, ते घड्याळ दोन-तीन महिन्यांत हळूहळू बसतं, आणि दिवसाचा उजेड व रात्रीचा अंधार यांनीच बसतं. आमचा झिरोचा निळा बल्ब इथेच आडवा आला. निळसर प्रकाश झोपेचं संप्रेरक सर्वात जास्त दाबतो. रात्री दुपटं बदलायला मंद तांबूस-पिवळा दिवा पुरतो, तोही जमिनीलगत.

जुलैत नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू झाला. आमच्या मजल्यावर ताशा थेट ऐकू येतो. (लग्नाआधी मीही पथकात होतो, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही.) पंख्याची एकसुरी घरघर बरीच कामी आली. तसाच एकसुरी आवाज करणारं यंत्र लावणार असाल तर बाळापासून निदान सात फूट लांब आणि हळू, 50 डेसिबलच्या आत. विसर्जनाच्या रात्री मात्र कुठलीच युक्ती चालत नाही. आम्ही सरळ तळेगावला आत्याकडे गेलो.

उरलेलं पटकन

झोपताना गळ्यातला काळा दोरा, ताईत काढा. दृष्ट लागू नये म्हणून गादीखाली ठेवलेला अडकित्ता उचला. आमच्याकडे खरंच होता. पाळण्यावर टांगलेलं चिमणाळं हाताला लागेल इतकं खाली नको, आणि बाळ हातांवर उठू लागलं की ते काढूनच टाका.

तरीही झोपत नसेल तर

रोज पहाटे साडेपाचला उठत असेल तर पूर्वेचा पडदा तपासा. दर पाऊण तासाने चाळवत असेल तर लगेच उचलू नका. लहान बाळाचं झोपेचं चक्रच तेवढं असतं, मिनिटभर थांबलात तर बऱ्याचदा पुन्हा झोपतं. कुशीत झोपतं आणि पाळण्यात टेकवताच उठतं? आधी चादर गार पडलीय का बघा, आणि टेकवताना आधी पाय, मग पाठ, शेवटी डोकं. चौथ्या महिन्याच्या आसपास लागलेली घडी पुन्हा विस्कटते, तेव्हा खोलीत काही बदलायला जाऊ नका. ताप, घरघर किंवा दूध पिणं कमी झालं असेल तर खोलीत चूक शोधत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

ढगांचे स्टिकर अजून आहेत. सेटमधला लोड बाबांनी घेतला, मॅच बघताना कमरेमागे घ्यायला.