युरोटेन्सिन-टू आणि एओर्टाची रिंग: घाई करायची नाही

रॅटच्या एओर्टाची (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची) रिंग युरोटेन्सिन-टूने किती आवळते हे मोजायचा प्रयोग कसा करायचा, हे एम.फार्मच्या ज्युनिअर्सना सारखं सांगावं लागतं म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. युरोटेन्सिन-टू हे माशाचं पेप्टाइड हार्मोन. कॅलिफोर्नियाच्या खाडीतल्या चिखलात राहणारा गिलिक्थिस नावाचा एक गोबी आहे, आपल्या निवट्याच्या जवळचाच, त्याच्या मज्जारज्जूच्या शेपटीकडच्या टोकाला युरोफायसिस म्हणून एक छोटी गाठ असते, त्यातून हे वेगळं केलं आणि 1980 साली त्याचा अमिनो अ‍ॅसिडांचा क्रम कळला. माशात 12 अमिनो अ‍ॅसिड, माणसात 11, पण दोन सिस्टीनमध्ये (हे गंधक असलेलं अमिनो अ‍ॅसिड) बांधलेला सहा अमिनो अ‍ॅसिडांचा वेढा दोघांत अगदी सारखा. मग 1999 मध्ये कळलं की माणसातलं हे पेप्टाइड रक्तवाहिनी आवळतं, आणि रॅटच्या एओर्टावर तर एन्डोथेलिन या रक्तवाहिनी आवळणाऱ्या दुसऱ्या पेप्टाइडपेक्षाही कमी डोसला. शेपटीतली गोष्ट आपल्या रक्तवाहिन्यांना लागू पडते हे मला अजूनही फार भारी वाटतं.

आता प्रयोग. एथिक्स कमिटीची मंजुरी हातात आल्याशिवाय प्राण्याला हात लावायचा नाही, यावर चर्चाच नको.

एओर्टा छातीतलाच घ्या. पोटातला घेतलात तर प्रतिसाद अगदीच कमी मिळतो आणि मग लोक पेप्टाइड खराब म्हणून फेकून देतात. वाहिनी थंड क्रेब्समध्ये (हे क्षारांचं द्रावण) ठेवून भोवतीची चरबी आणि जाळी कात्रीने काढा, खेचायचं नाही, मग साधारण 3 मिमीच्या रिंगा कापा. काही रिंगांमधून आतला पेशींचा पातळ थर, म्हणजे एन्डोथेलियम, घासून काढा, बारीक चिमट्याचं टोक आत घालून रिंग ओल्या फिल्टर पेपरवर हळूच फिरवली की होतं. बाथ, म्हणजे रिंग टांगायचं क्रेब्सचं भांडं, 37 अंशावर, कार्बोजेन (ऑक्सिजन आणि थोडा कार्बन डायऑक्साइड) चालू, रिंगेवर ताण 1 ग्रॅम, आणि दर पंधरा मिनिटांनी क्रेब्स बदलत तासभर तरी तसंच राहू द्या. नंतर 60 मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड देऊन रिंग जिवंत आहे ना बघा, हाच आकडा पुढे 100 टक्के धरायचा. धुवून झालं की फिनाइलएफ्रिन या औषधाने रिंग आवळून असिटिलकोलीन (एन्डोथेलियममार्फत वाहिनी सैल करणारं) द्या, सैल पडली तर एन्डोथेलियम आहे, नाही पडली तर गेलीय.

पेप्टाइडचं गणित कागदावर करा. माणसातल्या युरोटेन्सिन-टूचं मोलर वजन साधारण 1389, म्हणजे 1 मिग्रॅ 7.2 मिलीत विरघळवलं की 100 मायक्रोमोलर, पण कुपीवरचा नेट पेप्टाइड कंटेंट बघून दुरुस्ती करायची, कारण त्या पावडरीत मीठ आणि पाणीही असतं. छोटे छोटे भाग करून गोठवा, परत परत वितळवू नका. पुढची पातळ द्रावणं लो-बाइंड (पेप्टाइड कमी चिकटणाऱ्या) ट्यूबमध्ये आणि थोडं अल्ब्युमिन घालून करा, नाहीतर नॅनोमोलरच्या खाली अर्धं पेप्टाइड भिंतीलाच चिकटून बसतं. आणि डीटीटीसारखं सिस्टीनमधले बंध तोडणारं रसायन जवळपासही नको, दोन सिस्टीनमधला बंध सुटला की वेढाच उरत नाही.

डोस 10 मिलीच्या बाथमध्ये 10⁻¹¹ मोलरपासून 10⁻⁷ पर्यंत वाढवत न्यायचा. इथेच सगळ्यांची घाई होते. ताणाच्या आलेखावर फिनाइलएफ्रिनची रेघ कशी टप्पकन वर जाऊन सपाट होते, तशी ही जात नाही, पहिली दोन मिनिटं काहीच नाही असं वाटतं, मग रेघ हळूहळू चढते आणि चढतच राहते. सपाट होईपर्यंत थांबा, एका डोसला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. अर्ध्यात पुढचा डोस टाकलात तर डोस आणि प्रतिसादाचा वक्र उजवीकडे सरकतो आणि ईसी-50 (निम्मा प्रतिसाद देणारी मात्रा) चुकते. नीट केलं तर ती 1 नॅनोमोलरच्या आसपास येते.

दुसरी गोष्ट, हे पेप्टाइड धुतलं तरी सुटत नाही. मी पहिल्यांदा त्याच रिंगवर परत वक्र काढला, मध्ये अँटॅगोनिस्ट (पेप्टाइडचा परिणाम अडवणारं औषध) दिला होता, प्रतिसाद जेमतेम निम्मा आला आणि मी आठवडाभर तो औषधाचा परिणाम समजून आनंदात होते, नुसत्या क्रेब्सवर ठेवलेल्या रिंगेतही तोच घसरलेला आकडा दिसला तेव्हा कळलं. म्हणून एका रिंगवर एकच वक्र, अँटॅगोनिस्ट वेगळ्या रिंगवर आणि शेजारी फक्त सॉल्व्हंट दिलेली एक रिंग, सगळ्या त्याच प्राण्याच्या.

एन्डोथेलियम असलेल्या रिंगेत आवळणं कमी आलं तर घाबरू नका, तिथून नायट्रिक ऑक्साइड सुटून वाहिनी सैल करतं, दोन्ही ओढाताणी एकाच वेळी चालतात. आणि रॅटचे आकडे बघून लगेच माणसाच्या बीपीबद्दल निष्कर्ष लिहू नका, माणसाच्या हातात हे पेप्टाइड सोडून बघितलेल्या प्रयोगांत एका संशोधक गटाला आकुंचन दिसलं आणि दुसऱ्या गटाला काहीच नाही.