मंदीत पुरातत्त्वाचं काम कसं शोधाल?

मंदीत कायमच्या जागांच्या जाहिराती लांबतात, पण उत्खननात निघालेली खापरं कुणीतरी धुवावी, मोजावी, त्यांची चित्रं काढावी लागतातच. म्हणून आधी हंगामी काम बघा. उत्खननं साधारण पावसाळ्यानंतर सुरू होतात; विचारपूस ऑगस्टमध्येच करा. पुरातत्त्व शिकवणारं पुण्याचं डेक्कन कॉलेज, विद्यापीठांचे विभाग, जिथे उत्खनन चालू आहे तिथल्या प्रमुखांना थेट लिहा.

पत्रासोबत पदव्यांची जंत्री नको, कामाचा नमुना जोडा: खापराचं मापाबरहुकूम चित्र. मडक्याच्या तोंडाच्या काठाचा तुकडा सपाट फळीवर उपडा ठेवा आणि खालून उजेड दिसेनासा होईपर्यंत झुकवा. तोच खरा कल. मग व्यासाच्या तक्त्यावरच्या वर्तुळांशी जुळवा. तुकडा बोटभरच असेल तर व्यास हमखास चुकतो, तेव्हा अंदाज ठोकू नका. नमुन्यासाठी स्थळावरचं खापर मात्र उचलू नका. कुंभाराकडचं फुटकं मडकं चालतं. जोडीला क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या मोफत सॉफ्टवेअरमधला एखादा नकाशा द्या.

मानधन, राहणं, प्रवास आधीच लेखी ठरवा. 'अनुभव मिळेल' म्हणून खानावळवाला पैसे सोडत नाही.

रिकाम्या महिन्यांत नेटचा, म्हणजे प्राध्यापकी आणि संशोधनासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा, अभ्यास करा. पुरातत्त्व हा तिथे स्वतंत्र विषय आहे, आणि त्यातून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर पीएचडी करताना दरमहा शिष्यवृत्ती सुरू होते.