सणानिमित्त कार्यालयात भेट देताना

कार्यालयातील भेट वरिष्ठांकडून हाताखालच्या लोकांकडे जावी. कारण ज्याच्या हाती आपली पगारवाढ आणि रजा आहे, त्याला काही देताना कर्मचाऱ्याचे मन पूर्णपणे मोकळे राहत नाही. वरिष्ठांनी आधी संस्थेचे नियम पाहावेत, सर्वांना सारख्याच मोलाची वस्तू द्यावी आणि सफाई कामगार, सुरक्षारक्षक, कंत्राटी माणसे यादीतून सुटली नाहीत ना, हे स्वतः तपासावे. अत्तर, कपडे, मद्य टाळावे. सोबत दोन ओळी हाताने लिहाव्यात. ‘तुम्ही दोन रात्री थांबून हिशेब जुळवलात, ते माझ्या लक्षात आहे,’ असे नेमके वाक्य वस्तूपेक्षा जास्त जपले जाते. वर्गणीचे पाकीट मात्र टेबलाटेबलावरून फिरवू नये, कारण कुणी किती दिले हे दिसले की ऐच्छिकपणा संपतो. साहेबांना काही द्यावेसे वाटलेच, तर सर्वांच्या सह्यांचे शुभेच्छापत्र पुरेसे आहे.