एमजीबीचं फ्लायव्हील: निवडताना आणि दुरुस्त करताना या चुका टाळा

ट्रायम्फ टीआर या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांमध्ये मधलं आवरण काढलं की गियरबॉक्स केबिनमधूनच बाहेर घेता येतो. एमजी कंपनीच्या एमजीबी या तशाच जुन्या गाडीत ती सोय नाही. क्लचला किंवा फ्लायव्हीलला (क्रँक म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, त्याच्या मागच्या टोकावरची जड चकती, जिच्यावर क्लच बसतो) हात लावायचा तर इंजिन उतरवावंच लागतं, आणि इथे काही चुकलं की ते दुसऱ्यांदाही उतरवावं लागतं. भारतात या गाडीचे सुटे भाग बहुतेक वेळा ब्रिटनहून मागवावे लागतात, तेव्हा चुकीचा भाग आला तर इंजिन तितके दिवस स्टँडवरच राहणार.

गाडीच्या सालावरून भाग मागवणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनली, आणि आज रस्त्यावर असलेल्या अनेक गाड्यांचं मूळ इंजिन कधीतरी बदललेलं असतं. आरसी बुकावरचं साल बाजूला ठेवा आणि ब्लॉकच्या उजव्या बाजूची इंजिन क्रमांकाची पट्टी पुसून वाचा. क्रमांकाच्या सुरुवातीला १८जी किंवा १८जीए म्हणजे तीन मेन बेअरिंगचं (क्रँक ज्यांत फिरतो ते आधार) इंजिन. ऑक्टोबर १९६४ पासूनच्या १८जीबीत पाच मेन बेअरिंग आले. दोन्हींच्या क्रँकची मागची बाजू वेगळी, त्यामुळे एकाचं फ्लायव्हील दुसऱ्याला बसत नाही. पुढे १९६७ च्या अखेरीस मार्क टू आली. तिच्या १८जीडी इंजिनाबरोबर चारही गियरना सिंक्रो (गियर न करकरता पडावा म्हणून वेग जुळवणारी यंत्रणा) असलेला गियरबॉक्स आणि प्री-एंगेज्ड स्टार्टर (ज्याचं दातेरी चाक आधी अडकतं आणि मग मोटर फिरते) आला, म्हणून इंजिनाची मागची प्लेट आणि रिंग गियर (फ्लायव्हीलच्या कडेवरचं दात्यांचं कडं, ज्यात स्टार्टर अडकतो) हेही बदलले.

थोडक्यात, क्रँक, मागची प्लेट, फ्लायव्हील, रिंग गियर, स्टार्टर आणि गियरबॉक्स हा एकच संच आहे. त्यातला एक भाग बदलताना बाकीचे पाच तपासलेच पाहिजेत. वापरलेलं फ्लायव्हील घेताना जुनं शेजारी ठेवा. बोल्टची आणि डॉवेलची (जागा पक्की करणाऱ्या पिनांची) भोकं, रिंग गियरचे दाते, क्लचचा व्यास (एमजीबीला ८ इंच) आणि क्रँकवर टेकणाऱ्या पृष्ठापासून घर्षणाच्या पृष्ठापर्यंतचं अंतर व्हर्नियरने मोजा. भोकं जुळली म्हणजे काम झालं, असं समजू नका. एमजीच्याच लहान मिजेट गाडीवाल्यांनी तर जास्तच जपावं: १०९८ सीसीला ७¼ इंची कॉइल स्प्रिंगचा क्लच, १२७५ सीसीला ६½ इंची डायफ्राम.

बिडाचं फ्लायव्हील लेथवर हलकं करून घेणं

बीड, म्हणजे कास्ट आयर्न, दाब उत्तम सोसतं, ताण सोसत नाही. फिरणाऱ्या चकतीवर तर ताणच येतो, आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मागच्या, म्हणजे क्लचच्या बाजूला किंवा बोल्टच्या भोकांभोवती धातू काढून पातळ केलेलं बिडाचं फ्लायव्हील जास्त आरपीएमला फुटलं, तर तुकडे बेलहाउसिंगमध्येच (फ्लायव्हील आणि क्लचभोवतीच्या आवरणात) थांबतील याची खात्री नाही. आणि तुमचे पाय तिथून लांब नसतात. जास्त आरपीएमसाठी हलकं हवं असेल तर एका अखंड तुकड्यातून बनवलेलं पोलादी फ्लायव्हील घ्या.

मुळात हलकं हवं कशाला, हेही बघा. त्याने इंजिनाची ताकद वाढत नाही, फक्त आरपीएम लवकर चढतात-उतरतात. फायदा गियरच्या प्रमाणाच्या वर्गाने मिळतो. चार सिंक्रोच्या गियरबॉक्समध्ये पहिल्याचं प्रमाण ३.४४ आणि चौथ्याचं १, म्हणजे चौथ्यात जाणवणाऱ्या फायद्याच्या जवळपास बारापट फायदा पहिल्यात. हायवेवर काहीच कळत नाही. घाटात चढावर थांबलेली गाडी उचलताना मात्र इंजिन पटकन बंद पडतं आणि आयडलिंग खडबडीत होतं. रोजच्या वापराच्या गाडीला मूळ वजनाचंच बरं. धातू काढायचाच असेल तर बाहेरच्या कडेजवळचा काढावा, कारण १४० मिमी त्रिज्येवरचा एक किलो ७० मिमीवरच्या चार किलोंइतकं काम करतो. त्यानंतर बॅलन्सिंग करायलाच हवं.

निळे डाग लेथने काढणं

घसरणाऱ्या क्लचमुळे पृष्ठ तापून निळे डाग पडतात. तिथलं बीड कडक झालेलं असतं. लेथचं टूल त्या डागांवरून उडी मारतं आणि तिथे उंचवटा राहतो. गाडी उचलताना क्लच थरथरायला तेवढं पुरेसं आहे. म्हणून सरफेस ग्राइंडिंगच करा. घर्षणाचं पृष्ठ खाली आणि प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारा भाग) बसते ती कड वर, अशी पायरी असेल तर दोन्हींवरून सारखाच धातू काढायला सांगा. नाहीतर क्लच प्लेटवरचा दाब बदलतो. डाय पेनेट्रंटने (भेगेत शिरणाऱ्या रंगीत द्रवाने) भेगा बघा. केसासारख्या उथळ भेगा ग्राइंडिंगमध्ये जातात. भोकापर्यंत पोचलेली भेग असेल तर ते फ्लायव्हील भंगारात घाला.

रिंग गियर अंदाजाने तापवणं

स्टार्टर नुसताच गरगरतो, गाडी गियरमध्ये टाकून थोडी ढकलली की मग पकडतो, ही ओळखीची तक्रार. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनमुळे नेहमी समोरासमोरच्या दोन जागी थांबतं, म्हणून दातेही तिथेच झिजतात. फ्लायव्हील चांगलं असेल तर फक्त रिंग बदलून भागतं.

आधी दात्यांची उतरती कड कोणत्या बाजूला आहे त्याचा फोटो काढा. जुन्या इनर्शिया स्टार्टरची (ज्याचं दातेरी चाक मोटर फिरल्याच्या झटक्याने सरकतं) आणि प्री-एंगेज्डची रिंग यात फरक असतो, आणि उलटी बसली तर नवे दातेही काही महिन्यांत खाल्ले जातात. मग दोन दात्यांच्या मधल्या खाचेत ड्रिल करा, पण फ्लायव्हीलला लागू देऊ नका. त्या जागी छिन्नीचा घाव घालून रिंग फोडा. ती उडते, गॉगल हवाच.

बसण्याची जागा आणि नव्या रिंगचं आतलं भोक पूर्ण स्वच्छ करा, बारीक कंगोरे कानशीने काढा. नवी रिंग ३०० ते ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची असते. घासून चकचकीत केलेली जागा फिकट निळी झाली की थांबा. त्याच्या पुढे गेलात तर दात्यांचं पाणी उतरतं, म्हणजे ते मऊ पडतात. घरच्या ओव्हनला हे तापमान जमत नाही, आणि गॅसची ज्योत एका जागी धरली तर रिंग वाकडी होते. हीट ट्रीटमेंटवाल्याच्या भट्टीत काम सोपं होतं. तापलेली रिंग जवळपास आपोआप बसते, फार तर हलके ठोके द्यावे लागतात. खांद्याला सगळीकडून टेकली आहे ना ते फीलर गेजने (फट मोजणाऱ्या पातळ पट्ट्यांनी) बघा आणि आपोआप थंड होऊ द्या. पाणी ओतू नका.

ॲल्युमिनियमच्या फ्लायव्हीलला हा नियम तसाच लावू नका. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, तेव्हा बनवणाऱ्याने दिलेलं तापमानच पाळा.

तेलाचा उगम न शोधता नवी क्लच प्लेट बसवणं

क्लच प्लेटला लागलेलं तेल इंजिनातून आलं की गियरबॉक्समधून, हे टीआरमध्ये वासावरून कळतं: गियर ऑइलला गंधकाचा वास येतो. एमजीबीत ही युक्ती चालत नाही, कारण तिच्या गियरबॉक्समध्येही २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइलच असतं. ओघळ कुठून सुरू होतो तेच बघावं लागतं. पाच बेअरिंगच्या इंजिनाला मागे रबरी सील आहे, ते बदला. तीन बेअरिंगच्याला सील नसून तेल परत फेकणारे आटे असतात, त्यामुळे थोडं तेल गळणारच. क्रँककेसचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी वाट) तुंबला तर मात्र ते फार वाढतं.

बसवताना

क्रँकवर टेकणाऱ्या पृष्ठावर रंग किंवा गंजाचा कणही नको. बोल्टच्या लॉक पट्ट्या नव्या घ्या. बोल्ट आलटून पालटून समोरासमोरचे आवळत ४० फूट-पाउंडांवर, म्हणजे ५४ न्यूटन-मीटरवर आणा. मग डायल गेज (सूक्ष्म हालचाल दाखवणारं काट्याचं मापक) लावा. चकती फिरवताना क्रँक एकाच बाजूला दाबून धरा, नाहीतर क्रँकची पुढेमागे होणारी हालचालच तुम्ही मोजत बसाल. कडेजवळ ०.००३ इंचापेक्षा, म्हणजे ०.०८ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर खोलून पुन्हा साफ करा. क्रँकच्या शेपटातलं स्पिगॉट बुश (गियरबॉक्सच्या शाफ्टचं टोक ज्यात फिरतं ते) रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजवून मगच ठोका. ते कोरडं राहिलं तर क्लच दाबूनही गियर करकरतात.

इंजिन चालू झाल्यावर न्यूट्रलमध्ये थरथर जाणवली तर पेडल दाबा. थांबली तर दोष क्लच प्लेटमध्ये, तशीच राहिली तर फ्लायव्हीलमध्ये किंवा प्रेशर प्लेटमध्ये. आयडलिंगला जड ठोका येत असेल आणि पेडल दाबताच बदलत असेल, तर बिग-एंड बेअरिंगसाठी (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथलं) संप, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, उघडण्याआधी फ्लायव्हीलचे बोल्ट सैल आहेत का ते बघा. दोन्हींचा आवाज फसवण्याइतका सारखा असतो.