पुराच्या पाण्यात बोट नेताय? जीपीएस आणि इको साउंडरच्या या चुका टाळा

कोल्हापूरची पंचगंगा नदी पात्राबाहेर पडली की चिखली-आंबेवाडीपासून शिरोळपर्यंत रबरी बोटींचं काम सुरू होतं. रस्ता, शेत, नदी सगळं एकाच पातळीला आलेलं असताना जीपीएस आणि खोली दाखवणारा इको साउंडर यांचा मोठा आधार असतो. ही यंत्रं सहसा चुकत नाहीत. दाखवलेला आकडा कुठून मोजलाय हे कुणी पाहत नाही, आणि तिथे गडबड होते.

खोली नेमकी कशाखालची?

साउंडर खोली मोजतो ती ट्रान्सड्यूसरपासून, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून प्रतिध्वनी टिपणाऱ्या भागापासून. समजा ट्रान्सड्यूसर पाण्याखाली २० सेंटिमीटर आहे आणि ओबीएमच्या (बोटीच्या मागे लावलेल्या इंजिनाच्या) पंख्याचं टोक ६० सेंटिमीटरवर. स्क्रीनवर ०.५ मीटर दिसतं, तेव्हा पाणी एकूण ०.७ मीटर असतं, पण पंख्याखाली उरलेलं असतं फक्त १० सेंटिमीटर. सेटिंगमधल्या ‘कील ऑफसेट’मध्ये बहुतेक यंत्रांत अधिक ०.२ टाकलं की पृष्ठभागापासूनची खोली मिळते, उणे ०.४ टाकलं की पंख्याखालची. बचावकामाला दुसरी उपयोगाची. ही मापं बोटीत नेहमीइतकी माणसं बसवूनच घ्या, कारण भरलेली बोट आणखी खाली बसते. मग घाटाजवळच्या संथ पाण्यात अर्ध्या-अर्ध्या फुटावर खुणा केलेला बांबू उभा धरून आकडा ताडून पाहा. एकक मीटर आहे की फूट, हेही त्याच वेळी बघा. नदीची पातळी फुटांत सांगितली जाते आणि यंत्र मीटरवर असतं, असा घोळ नेहमीचा.

वेग घेतला की आकडा गायब होतो? ट्रान्सड्यूसरखाली बुडबुडे येताहेत. मागून पाहताना पंखा घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर ट्रान्सड्यूसर मागच्या फळीवर उजव्या बाजूला, पंख्यापासून किमान ४० सेंटिमीटर दूर आणि बोटीच्या तळापेक्षा किंचित खाली बसवा. रबरी बोटीच्या हवा भरलेल्या तळावर आतून चिकटवून काही उपयोग नाही, हवेतून तो ध्वनी पुढे जात नाही. प्लायच्या फळीला स्क्रू मारले तर भोकं सीलंटने बुजवा, नाहीतर पाणी पिऊन प्लाय फुगतो.

उथळ पाण्यात खोली अचानक दुप्पट दिसली तर तो दुसरा प्रतिध्वनी समजा. संवेदनशीलता कमी करा आणि ध्वनीची वारंवारता २०० किलोहर्ट्झवर ठेवा. दोन फुटांच्या आत मात्र कुठल्याच आकड्यावर भरवसा नको, तिथे बांबूच खरा. उसाच्या शिवारावरून जाताना साउंडर पाल्यालाच तळ समजू शकतो. ते बरंच आहे, पंखा तिथेच अडकणार असतो. कुंपणाची तार मात्र त्याला दिसेलच असं नाही.

साउंडर पुढचं पाहत नाही

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. साधा साउंडर फक्त खाली बघतो. बुडालेला बंधारा त्याला दिसतो तो बोट बंधाऱ्यावर आल्यावर. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) पावसाळ्याआधी काढले तरी खांब जागेवरच राहतात. पाणी वरून वाहत असताना खालच्या अंगाला उलटा भोवरा तयार होतो, आणि त्यात सापडलेली बोट बाहेर काढणं कठीण जातं.

म्हणून उन्हाळ्यातच बंधाऱ्यावर चालत जाऊन दोन्ही टोकांचे वेपॉइंट घ्या, म्हणजे त्या जागा जीपीएसमध्ये साठवा, मध्येही दोन-तीन घ्या, आणि जवळ आल्याचा इशारा २०० मीटरवर लावा. ताशी २० किलोमीटरने जाणारी बोट सेकंदाला साडेपाच मीटर कापते. प्रवाहाचे दोन मीटर त्यात धरले तर २०० मीटरला २७ सेकंदही लागत नाहीत. प्रवाहासोबत उतरताना इशारा ४०० मीटरवर ठेवलेला बरा. विजेच्या तारा जिथे नदी किंवा शिवार ओलांडतात, त्या जागाही नोंदवा. पाणी दहा फूट चढलं की तारेखालची मोकळी जागा दहा फुटांनी कमी झालेली असते.

पातळी न लिहिता नोंदवलेली खोली

‘इथे १२ फूट पाणी आहे’ ही नोंद दुसऱ्या दिवशी कामाची राहत नाही. शेजारी कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची त्या वेळची पातळी लिहा. ४३ फुटांना, म्हणजे धोका पातळीला, एखाद्या जागी १२ फूट मिळाले असतील, तर ३९ फुटांना, म्हणजे इशारा पातळीला, तिथे साधारण ८ फूट उरतील. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं होतं, त्या वेळच्या खोलीच्या जोरावर आज जाणं धोक्याचं. हे गणित कोल्हापूरच्या आसपासच चालतं. शिरोळ भागात कृष्णेची फूग, म्हणजे तुंबलेलं पाणी, पंचगंगेला मागे रेटते, तिथे तिथलीच मोजपट्टी वापरा. जीपीएसवरची उंची पाहून पुराची पातळी ठरवू नका, ती कित्येक मीटरने चुकू शकते.

अंश-मिनिटांचा गोंधळ

१६.७०५०°, १६° ४२.३०′ आणि १६° ४२′ १८″ हे तिन्ही एकच अक्षांश आहेत. वायरलेसवर कुणी ‘सोळा, बेचाळीस, तीस’ एवढंच सांगितलं आणि ऐकणाऱ्याने १६.४२३० टाकलं, की जागा सुमारे ३१ किलोमीटर दक्षिणेला सरकते. तीस हे सेकंद समजले तर चूक ३७० मीटरची. ही दुसरी जास्त वाईट, कारण चटकन लक्षात येत नाही. सगळ्या पथकांनी एकच पद्धत ठरवावी आणि आकडा परत म्हणून घ्यावा. फोनवर दशांश अंश सोपे पडतात.

बाणाची दिशा

होकायंत्र नसलेल्या जीपीएसचा बाण बोटीचं तोंड दाखवत नाही, बोट सरकतेय ती दिशा दाखवतो. उभ्या बोटीत तो भरकटतो. प्रवाह आडवा असेल तर तोंड एकीकडे आणि बाण दुसरीकडे असणारच, बाणाप्रमाणे वळवा. होकायंत्र असेल तर ते स्पीकर आणि इंजिनपासून मीटरभर दूर ठेवा.

स्टार्टर मारला की यंत्र बंद

सेल्फ स्टार्टच्या वेळी बॅटरीचा १२ व्होल्टचा दाब एकदम खाली येतो आणि यंत्र बंद होऊन पुन्हा चालू होतं, कधीकधी ट्रॅक पुसूनच. वेगळी ७ अँपिअर-तासाची बॅटरी द्या. एक अँपिअर खाणारं यंत्र त्यावर पाच-सहा तास चालतं. फ्यूज बॅटरीच्या टोकाजवळ घ्या आणि दोन जादा फ्यूज पिशवीत बांधून ठेवा.