सुरक्षेचा प्रश्न आला की कंट्रोलशी कसं बोलायचं

बारामती, गोंदिया किंवा धुळ्यात उडायला शिकून मुंबईत पहिल्यांदा राइट सीटवर, म्हणजे को-पायलट म्हणून, बसलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. मी सहारला, म्हणजे मुंबई विमानतळावर, रडारवर हवाई वाहतूक कंट्रोलर होते, आता निवृत्त होऊन पार्ल्यात राहते. पावसात, होल्डिंगमध्ये (उतरण्याची वाट बघत घिरट्या घालताना) ही मुलं छान निभावून नेतात. सुरक्षेचं काही निघालं की मात्र अडखळतात. 'हे आरटीवर (रेडिओवर) बोलायचं की नाही?' असं वाटून आवाज खाली घेतात, आडून आडून सुचवतात. तसं अजिबात करू नका. आम्हाला तुमचं कॉकपिट दिसत नाही. दिसतं ते रडारवरचं एक लेबल: कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव), उंची, वेग. बाकी सगळं तुम्ही सांगाल तेवढंच.

निघण्याआधी एडीसी, म्हणजे हवाई दलाकडून मिळणारा एअर डिफेन्स क्लिअरन्सचा नंबर. एअरलाइनमध्ये हे डिस्पॅच (उड्डाणाची तयारी बघणारा विभाग) बघतं. जुहूहून हेलिकॉप्टर किंवा चार्टर नेणाऱ्यांनी एफआयसी (फ्लाइट इन्फर्मेशन सेंटरचा) आणि एडीसी, दोन्ही नंबर नीबोर्डवर (मांडीवर बांधायच्या पाटीवर) स्वतःच्या हाताने लिहावेत. उशीर झाला तर जुना नंबर चालेल का, हे जमिनीवर असतानाच विचारून घ्या.

आता ट्रान्सपॉन्डरचा कोड, म्हणजे विमान रडारला पाठवतं तो चार आकडी नंबर. 7500 बेकायदा ताबा, 7600 रेडिओ बंद, 7700 आणीबाणी. हे सगळ्यांना पाठ असतं, घोळ होतो तो नॉब फिरवताना. समजा 2700 वरून 7200 वर जायचंय. पहिला आकडा आधी फिरवलात तर मध्ये 7700 लागतो आणि इकडे आमच्या स्क्रीनवर तुमचं लेबल पेटतं. दुसरा आकडा आधी बदला: 2200, मग 7200.

7500 दिसला की कंट्रोलर विचारतो, "कन्फर्म स्क्वॉकिंग सेवन फाइव्ह झीरो झीरो." स्क्वॉक म्हणजे कोड लावणं. पण हा कोड लावायचा हुकूम नाही, हा प्रश्न आहे. चुकून लागला असेल तर लगेच नाही म्हणा आणि दिलेला कोड लावा. खरंच प्रसंग असेल तर हो म्हणा, किंवा गप्प राहा. गप्प राहिलात तरी आम्ही ते खरं धरतो आणि पुन्हा खोदून विचारत नाही. तुमच्याकडून आल्याशिवाय 'हायजॅक' हा शब्दही आम्ही काढत नाही, कारण तुमच्या मागे उभं राहून कोण ऐकतंय ते आम्हाला माहीत नसतं. तेव्हा आमचा आवाज नेहमीसारखा वाटला म्हणून कंट्रोलला कळलंच नाही, असं समजू नका.

11 सप्टेंबर 2001 ला कोरियन एअरच्या फ्लाइट 085 ने कंपनीला पाठवलेल्या मजकुरात 'एचजेके' (हायजॅकचं लघुरूप) ही अक्षरं होती. त्यावरून संशय आला, कंट्रोलकडून विचारणा झाली आणि वैमानिकांनी 7500 लावला. लढाऊ विमानांच्या पहाऱ्यात ते 747 कॅनडात व्हाइटहॉर्सला उतरलं. आत अपहरणकर्ता कोणीच नव्हता. म्हणून कंपनीला पाठवायचा मेसेजही पूर्ण शब्दांत लिहा. अर्धवट अक्षरं वाचणारा त्याचा काय अर्थ लावेल, सांगता येत नाही.

सगळ्यात जास्त वेळा घडतं ते संपर्क तुटणं. 16 फेब्रुवारी 2017 ला मुंबईहून लंडनला निघालेल्या जेट एअरवेजच्या 777 शी जर्मनीवर बोलणं होईना, तेव्हा जर्मन हवाई दलाची लढाऊ विमानं शेजारी येऊन उभी राहिली. शांत विमान खालच्या लोकांना किती धोकादायक वाटतं, ते यातून कळतं. बराच वेळ हेडसेटमध्ये कोणीच बोललं नाही, तर बरं वाटून घेऊ नका, शंका घ्या. आधी आवाजाचा नॉब आणि ऑडिओ पॅनेल बघा. मग मागच्या फ्रिक्वेन्सीवर जाऊन विचारा. दुसरा रेडिओ सेट कायम 121.5 या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर ठेवा, आणि त्याचा आवाज ऐकू येईल एवढा ठेवा. कंपनीला मेसेज टाका, आसपासच्या विमानाला निरोप द्यायला सांगा. काहीच जमलं नाही तर 7600. मुंबईचा एफआयआर (मुंबई कंट्रोलच्या जबाबदारीचं हवाई क्षेत्र) अरबी समुद्रात लांबवर जातो, तिथे व्हीएचएफ (नेहमीचा, जवळच्या पल्ल्याचा रेडिओ) पोचत नाही. सेलकॉल (आपल्याला हाक आली की वाजणारी घंटी) तपासल्याशिवाय एचएफचा (लांब पल्ल्याच्या रेडिओचा) आवाज कधीही कमी करू नका.

धमकीची चिठ्ठी सापडली तर? 30 ऑक्टोबर 2017 ला मुंबईहून दिल्लीला चाललेल्या विमानाच्या टॉयलेटमध्ये अशी चिठ्ठी मिळाली आणि विमान अहमदाबादला उतरवावं लागलं. अशा वेळी चिठ्ठीतले शब्द जसेच्या तसे वाचा, सारांश सांगू नका. ती कुठे मिळाली, कुणी पाहिली, त्यात फ्लाइट नंबर, सीट किंवा वेळ आहे का, हे सांगा. धमकी नेमकी आहे की मोघम, ते विमानतळावरची बॉम्ब थ्रेट असेसमेंट कमिटी या तपशिलांवरूनच ठरवते. ते ठरवणं तुमच्यावर घेऊ नका. पुढे लगेच विमानात किती माणसं, इंधन किती वेळ पुरेल आणि तुमचा इरादा काय. संध्याकाळच्या गर्दीत मुंबईची फ्रिक्वेन्सी श्वास घ्यायला फुरसत देत नाही, तरी 'पॅन पॅन' (तातडी) किंवा 'मेडे' (संकट) ऐकलं की बाकीचे थांबतात. हे सगळ्यांसमोर बोलायला संकोच वाटला तर वेगळी फ्रिक्वेन्सी मागा, पण मागताना कारण सुरक्षेचं आहे हे सांगा. उतरल्यावर आयसोलेशन बेकडे (बाकीच्यांपासून दूर ठेवलेल्या जागी) पाठवलं तर वाद न घालता जा.

आणि शेजारी लढाऊ विमान आलंच तर. ते साधारण डावीकडे, थोडं पुढे आणि वर येऊन पंख हलवतं. त्याचा अर्थ 'माझ्या मागे या'. तुम्हीही पंख हलवा आणि मागे जा. कंट्रोलला कळवा, 121.5 वर बोला, वेगळं सांगितलं नसेल तर 7700 लावा. ते झटकन चढत वळून निघून गेलं, तर तुम्ही मोकळे. कंट्रोल एक सांगतंय आणि ते विमान खुणेने दुसरंच, असं झालं तर कंट्रोलला खुलासा विचारत राहा, पण तोवर त्या विमानाचंच ऐका.