सुरंगीचे फोटो: खोका, बटर पेपर आणि एक बल्ब

वेंगुर्ल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरंगी फुलते. फूल नाजूक, उन्हात लगेच मलूल होतं, म्हणून फोटो घरातच काढते. अडचणी दोन: पांढऱ्या पाकळ्या राखाडी दिसायच्या आणि फोटोत आडवे पट्टे यायचे.

पुठ्ठ्याच्या खोक्याला एका बाजूने खिडकी कापून बटर पेपर चिकटवला. आत पांढरी कार्डशीट दुमड न पाडता वळवून ठेवली, म्हणजे मागे कोपऱ्याची रेघ येत नाही. बटर पेपरबाहेर एलईडी बल्ब, बल्बच्या समोरच्या बाजूला, उजेड परतवायला, थर्माकोलचा तुकडा. सावली मऊ पडते, पिवळ्या केसरांचा झुबका अगदी सुटा सुटा दिसतो.

पट्ट्यांचं कारण वीज. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये (सेटिंग हाताने ठरवायची सोय) शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, १/५० सेकंद ठेवलं; तेवढ्यात दोन लुकलुका पूर्ण होतात, म्हणून पट्टे गेले. मोबाइल मात्र स्टँडवर हवा आणि पंखा बंद. आपल्या दमट हवेत घाम निथळतो, पण पाकळी हलता कामा नये.

पांढरं जास्त असलं की कॅमेरा फोटो काळवंडवतो, तेव्हा एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) थोडं वाढवायचं. माजघरातला पिवळा दिवाही बंद करा, नाहीतर फुलाची एक बाजू पिवळी पडते.